प्रति: ऑस्करची अंडी पांढरी का पडतात?

सांगलीचं पाणी जड म्हणून ऑस्कर या शोभेच्या माशाची अंडी पांढरी पडतात (म्हणजे वाया जातात), हे वर दोघांनी लिहिलंय ते मला पटत नाही. आधी जोडी खरंच नर-मादीची आहे का ते बघा. विश्रामबागेत माझ्या साडेचार फुटी टाकीत एका जोडीने कडप्प्याच्या तुकड्यावर तीनदा अंडी घातली, दर वेळी हजाराच्या आसपास. दोघंही तोंडाने कडप्पा घासून लख्ख करायची, राखण करायची, आणि दुसऱ्या दिवशी सगळी अंडी दुधासारखी पांढरी. मी आरओचं पाणी आणलं, मिथिलीन ब्लू (अंड्यांवरची बुरशी रोखायचं औषध) घातलं, काही उपयोग नाही.

चौथ्या वेळी बॅटरी लावून पोटाखाली नीट पाहिलं. अंडी घालताना पोटाखाली जी छोटी नळी बाहेर येते, ती दोघांचीही जाड, बोथट. म्हणजे दोन्ही माद्या! नरच नाही, तर अंडी फळणार कशी? ऑस्करमध्ये अशी जोडी सर्रास जमते. नराची नळी बारीक, टोकदार असते, पण ती अंडी घालायच्या आसपासच दिसते. रंगावरून किंवा आकारावरून काही कळत नाही. नंतर मी सहा पिल्लं एकत्र वाढवली (टाकी मोठीच हवी) आणि त्यांची त्यांना जोडी जमवू दिली. त्याच नळाच्या पाण्यात, २८ अंशाला, अंडी पिवळसर राहिली आणि तिसऱ्या दिवशी कडप्प्यावर शेपट्या वळवळताना दिसल्या.