पीएचडी की स्वतःची कंपनी?

'उद्योजकतेवर पीएचडी करण्यापेक्षा भाच्याने सरळ कंपनी काढावी का?' हा तुमचा प्रश्न वाचला. मी पवईत याच विषयावर काम करते, म्हणून थोडी भर.

दोन्ही कामं वेगळी आहेत. कंपनी काढणारा एकाच कंपनीत जीव ओततो. आम्हा संशोधकांना अभ्यासायला शेकडो कंपन्या लागतात, आणि त्यातही बुडालेल्या आधी! नुसत्या यशस्वी लोकांच्या मुलाखतींवरून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा फसतो. तीच जिद्द, तीच मेहनत बुडालेल्यांकडेही असते.

मला सगळ्यात ओढ लावणारा प्रश्न म्हणजे कंपनीतून कंपनी कशी जन्मते. १९५७ मध्ये अमेरिकेत विल्यम शॉकलींची सेमीकंडक्टर कंपनी सोडून आठ जणांनी फेअरचाइल्ड ही त्याच क्षेत्रातली कंपनी काढली. १९६८ मध्ये तिथून निघालेल्या नॉइस आणि मूर यांनी इंटेल. आपल्याकडे १९८१ मध्ये पटनी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेल्यांनी इन्फोसिस उभी केली. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन क्लेपर यांनी अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांची अशी वंशावळ मांडली, तेव्हा दिसलं की चांगल्या कंपनीत तयार झालेल्यांच्या कंपन्या जास्त टिकतात. मुंबईचीही वंशावळ अशीच बारकाईने मांडायला हवी: अंधेरीचं १९७३ चं सीप्झ (निर्यात करणाऱ्या उद्योगांचं क्षेत्र), पवईच्या आयआयटीत २००४ पासून चालणारं, नव्या कंपन्यांना आधार देणारं 'साइन' केंद्र, आणि तिथे वाढलेली ड्रोनवाली आयडियाफोर्ज.

भाच्याला संख्याशास्त्र पक्कं करायला सांगा. एक शोधनिबंध छापून यायला वर्षं जातात, तेवढा धीर आहे का हेही विचारा. कोण कुठल्या कंपनीतून आलं हे शोधायला कंपनी निबंधकाकडे (कंपन्यांची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय) असलेल्या कंपन्यांच्या संचालकांच्या नोंदी चाळण्यात त्याला गोडी वाटली, तर मला जरूर कळवा.