धरमतर खाडीत बार्जच्या रहदारीतून छोटी बोट नेण्याविषयी

प्रश्न — माझगावकर
आम्हा दोघा भावांची साडेसहा मीटर लांबीची, आउटबोर्ड इंजिनाची नोंदणीकृत बोट आहे. दिवाळीनंतर करंजा आणि रेवस यांच्यामधून धरमतर खाडीत शिरून अंबा नदीने नागोठण्याच्या दिशेने जमेल तेवढे जावे, असा बेत आहे. ही नदी 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 10 झाली असली, तरी तेथे खरी रहदारी मालवाहू बार्जचीच असते. पाणी भरपूर मिळावे म्हणून ऐन भरतीला आत शिरणे योग्य ठरेल का?

उत्तर — निवृत्त सारंग
ऐन भरतीला मुळीच शिरू नका. भरलेल्या बार्जला खोल पाणी लागते, म्हणून तीही त्याच वेळेची वाट पाहत असते. तुमच्या बोटीला मात्र जेमतेम अर्धा मीटर पाणी पुरते. तेव्हा ओहोटी संपून पाणी चढू लागताच निघा. गाळात रुतलात तरी चढते पाणीच तुम्हाला उचलील. भरती भरल्यावर रुतलात, तर पुढच्या भरतीपर्यंत डास मारत बसावे लागेल.

बार्ज थांबेल, हा भरवसाही सोडा. ती भरतीच्या ओढीबरोबर चाललेली असताना वेग फार कमी केला, तर सुकाण्याला पाणी लागत नाही आणि ती आडवी होते. शिवाय नाळेसमोरचा, म्हणजे पुढच्या टोकासमोरचा, बराच टप्पा सुकाणूवाल्याला दिसत नाही. समुद्रावरील टकरी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतील नववा नियम सांगतो, की अरुंद मार्गात 20 मीटरपेक्षा लहान बोटीने, ज्या जहाजाला त्या मार्गाबाहेर सुरक्षितपणे जाता येत नाही, त्याची वाट अडवू नये. बार्जकडून पाच किंवा अधिक आखूड भोंगे ऐकू आले, तर तुमचा इरादा सुकाणूवाल्याला कळलेला नाही किंवा तुमच्या हालचालीविषयी त्याला शंका आहे, असे समजा. व्हीएचएफ रेडिओवर 16 क्रमांकाची वाहिनी सतत चालू ठेवा.

उत्तर — करंजेकर
सारंगसाहेबांशी सहमत आहे, परंतु बार्जसाठी वाट सोडायची म्हणून मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांच्या पलीकडे आंधळेपणाने घुसू नका, कारण तेथे डोल जाळ्यांचे (एका जागी बांधलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे) खुंट असतात आणि भरतीत ते बुडून जातात. पाणी कमी असताना ते दिसतात, हा लवकर निघण्याचा आणखी एक फायदा. काठाला फार चिकटूही नका: मोठी बार्ज जवळून गेली, की आधी काठाचे पाणी ओढले जाते आणि मग लाट परतते, त्यात छोटी बोट तळाला आपटते.

माझगावकर
दोघांचेही आभार. तिथीच्या पाऊणपटीचा आपला जुना हिशेब धरला, तर चतुर्थीला (चारची पाऊणपट तीन) दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती येते, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी संपेल. त्या वेळी रेवसपाशी असू, आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून वेळ पडताळूनच नांगर उचलू. धाकटा भाऊ पाठीमागे तोंड करून बसेल व मागून येणाऱ्या बार्जवर लक्ष ठेवील.