मिशन ट्रिपआधी आत्मिक तयारी कशी केलीत? अनुभव लिहा

जय ख्रिस्त मंडळी! आमच्या युवक संघाची टीम लवकरच मिशन ट्रिपला निघतेय, म्हणजे दुसरीकडे जाऊन सेवा करायला आणि येशूबद्दल सांगायला. तिकिटं, औषधं, मुलांचे खेळ, सगळ्याच्या याद्या झाल्यात, पण आत्मिक तयारीचा विषय निघाला की "प्रार्थनेत राहा" एवढं म्हणून सगळे पुढच्या मुद्द्यावर. तुम्ही टीम म्हणून नेमकं काय केलंत ते सांगा ना.

*

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १३ काढून बसा. अंत्युखियाची मंडळी (म्हणजे तिथलं चर्च) उपास करत होती तेव्हा बर्णबा आणि शौलाला (म्हणजेच पौलाला) देवाचं बोलावणं आलं, मग परत उपास, प्रार्थना, आशीर्वादासाठी हात ठेवले आणि पाठवणी. म्हणजे जाणारे दोघं आणि तयारी मंडळीची! आमच्या पाळकांनी हेच धरलं, टीममधल्या प्रत्येकाला न येणारा एक माणूस जोडून दिला, रोज त्याच्यासाठी प्रार्थना करायला. मला एक आजी मिळाल्या, अंथरुणाला खिळलेल्या, पण फोन करून खोदून विचारायच्या, झोप लागते का, कशाची भीती वाटते, कुणाशी बिनसलंय का, खोलीत सोबत कोण आहे तिचं नाव सांग. आणि मग फोनवरच दोघींची नावं घेऊन प्रार्थना.

*

आजींचा "बिनसलंय का" हा प्रश्न लाखातला एक. आमच्या टीममधले दोघं जुन्या कुठल्यातरी हिशोबावरून एकमेकांशी बोलत नव्हते, सगळ्यांना माहीत आणि सगळे गप्प. एका संध्याकाळी लीडरने मत्तय ५:२३-२४ वाचलं, अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी भावाशी समेट कर, आणि बायबल मिटून म्हणाला की आज प्रार्थना अर्ध्या तासाने. बस्स. कुणी पाणी प्यायला उठलं, कुणी उगाच वही चाळली, शेवटी ते दोघं बाहेर गेले. परत आल्यावर मिठी वगैरे काही नाही हं, एकाने दुसऱ्यासाठी खुर्ची ओढली इतकंच. पण पुढे ट्रिपमध्ये सामान उतरवायला तेच दोघं एकत्र. मार्क या सहकाऱ्याला सोबत न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबाचं इतकं वाजलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, तिथे आपली काय कथा.

*

उपासाबद्दल जरा स्पष्ट बोलते, राग नसावा. टीमला सरसकट उपास लावू नका, कुणाला शुगर असते, कुणाच्या गोळ्या चालू असतात. मी स्वतः शुगरची पेशंट, म्हणून संध्याकाळी मोबाईल बंद ठेवायचे आणि तो वेळ बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक वाचण्यात घालवायचे. यहुदी पंचांगातल्या किस्लेव महिन्यात नहेम्याला यरुशलेमच्या दुर्दशेची बातमी कळली आणि पारसाच्या राजासमोर बोलायला नीसान महिना उजाडला, म्हणजे मधले चार महिने हा माणूस रडतोय, प्रार्थना करतोय! आपल्याला दोन मीटिंगमध्ये सगळं हवं असतं. आणि हो, ग्रुपवर "आज माझा उपास" असे मेसेज टाकणाऱ्यांनी मत्तय ६ वाचावा, उपास लोकांना दाखवू नका असं तिथे आहे 😀

*

आम्ही पहाटे फोनवर एकत्र प्रार्थना करायचो. पहिले काही दिवस नुसतं अवघडलेपण, सगळे छापील प्रार्थना म्हटल्यासारखे, मग एकदा कुणीतरी म्यूट करायला विसरला आणि दुसऱ्यांसाठी प्रार्थना चालू असताना ऐन मध्येच घोरणं ऐकू आलं, सगळे हसत सुटलो आणि त्यानंतरच लोक खरं बोलायला लागले, घरचा विरोध, पैशाची चणचण, मला जायचंच नाहीये असंसुद्धा. त्या मुलीला कुणी उपदेश केला नाही, नुसती तिच्यासाठी प्रार्थना केली. ती आली.

*

साक्षीची, म्हणजे येशूमुळे आपलं आयुष्य कसं बदललं ते सांगायची, तयारीपण आत्मिक तयारीच आहे असं माझं मत. दुभाषी असेल तर निम्मा वेळ त्याचा, त्यामुळे तीन मिनिटांत संपेल अशी साक्ष बसवा. आमच्यातल्या एका दादांची साक्ष म्हणजे अर्धा तास आधीचं व्यसन आणि शेवटी घाईघाईने येशू! टीमसमोर म्हणून बघितल्यावर त्यांनाच ते जाणवलं आणि पुन्हा लिहून काढली. अजून एक, आपण जातोय तिथे देव आधीपासून काम करतोय. तिथल्या पाळकांना आधी विचारा की आम्ही कशासाठी प्रार्थना करू, आणि मगच आपले कार्यक्रम आखा. आम्हाला उत्तर आलं की कार्यक्रम कमी करा, लोकांच्या घरी बसा.

*

धागा काढणारी मीच. खूप आभार सगळ्यांचे! एक विचारायचं राहिलं, आमच्यात एक नवीन विश्वासी आहे, मोठ्याने प्रार्थना करायला घाबरतो. काय करावं?

*

ताई, त्याला बोलायला लावूच नका. एक स्तोत्र वाचायला द्या, १२१ छान आहे, प्रवासाचंच आहे. येशूने शिष्यांना दोघं-दोघं पाठवलं होतं (लूक १०), तसा त्याला एक जोडीदार द्या, आधी दोघांतच करू दे, जमेल हळूहळू. आणि लूक १० पुढे १७ पासूनपण वाचा, शिष्य परत येऊन प्रभूला सगळं सांगतात ते. आम्ही परतल्यानंतरच्या बैठकीची तारीख निघायच्या आधीच ठरवतो, नाहीतर आल्यावर जो तो आपापल्या कामाला लागतो आणि कोण कुठल्या मनःस्थितीत घरी गेलंय ते कुणालाच कळत नाही.