मदत हवी आहे: वारस नोंदीसाठी लाचेची मागणी, तक्रार कशी करावी?

वडिलांच्या निधनानंतर पुण्याजवळील आमच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वारस नोंद व्हावी म्हणून रीतसर अर्ज केला असता, संबंधित कर्मचाऱ्याने पोचपावतीच्या मागे पेन्सिलने एक आकडा लिहिला, मला दाखवला आणि लगेच खोडून टाकला. (पुरावा राहू नये याची काळजी मात्र चोख!) पैसे मी दिलेले नाहीत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही दोषी ठरतो आणि नाइलाजाने दिली असल्यास सात दिवसांत कळवावे लागते, याची कल्पना आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर हाती पुरावा नसताना तक्रार केल्यास मागणीची पडताळणी कशी होते, आणि सापळ्यानंतर रखडलेली नोंद कोण पूर्ण करते, हे अनुभवींनी कृपया सांगावे.