शब्दचर्चा : आइस हॉकीतला 'पॉइंट' म्हणजे 'गुण' का?

प्रश्न : दिवाळी अंकासाठी आइस हॉकीचा दिग्गज वेन ग्रेट्झ्कीवर लेख लिहितेय, शेवटी त्याचा तक्ता द्यायचाय. मूळ तक्त्यावर 'करिअर रेकॉर्ड' आहे, त्याला 'कारकिर्दीतले विक्रम' म्हणावं का? खाली आकडे असे: सामने १४८७, गोल ८९४, असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला पास देऊन हातभार) १९६३, पॉइंट २८५७. पॉइंटला सरळ 'गुण' लिहिलं तर चालतंय ना?

प्रतिसाद १ : विक्रम अजिबात नको. इथे रेकॉर्ड म्हणजे नोंद, आपल्या क्रिकेटच्या पानावर नुसतं 'कारकीर्द' लिहून खाली सामने-धावा देतात तसंच द्या. शिवाय यातले सगळे आकडे विक्रम नाहीतच, ८९४ गोलांचा विक्रम ६ एप्रिल २०२५ला ओव्हेच्किन या खेळाडूने ८९५वा मारून मोडला, असिस्ट आणि पॉइंटचे मात्र अजून ग्रेट्झ्कीच्याच नावावर आहेत.

प्रतिसाद २ : टोरांटोहून लिहितोय, इथे नुसतं हॉकी म्हटलं की बर्फावरचीच. 'गुण' लिहू नका हो, घोटाळा होईल. एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या मुख्य आइस हॉकी लीगमध्ये, संघालाही पॉइंट असतात, जिंकलं की २, जादा वेळात हरलं तरी १, ते झाले गुण. खेळाडूचा पॉइंट वेगळा, गोल मारला की एक, असिस्ट केला की एक. एका गोलमागे जास्तीत जास्त दोघांना असिस्ट मिळतो, म्हणजे फलकावर एकच गोल चढतो पण तिघांच्या खात्यात एकेक पॉइंट जातो. आपला वाचक कबड्डीत मुरलेला, तिथे रेडरचे गुण थेट संघाच्या गुणफलकात जातात, तो इथेही तसंच समजणार. पॉइंटच ठेवा आणि कंसात 'गोल अधिक असिस्ट' द्या. ग्रेट्झ्कीची गंमत अशी की त्याचे सगळे गोल पुसून टाकले तरी नुसते असिस्ट १९६३, आणि पॉइंटच्या यादीत दुसऱ्या नंबरवरच्या यागरचे गोल-असिस्ट मिळून १९२१!

प्रतिसाद ३ : असिस्टला कोणी 'साहाय्य' करू नका प्लीज, सरकारी अनुदान वाटतं. नुसता 'पास' पण नको, कारण दरेक पास असिस्ट होत नाही, मध्ये समोरच्या संघाने चकतीचा (आइस हॉकीत चेंडूऐवजी चकती असते) ताबा घेतला की आधीच्या पासवाल्याचा असिस्ट गेला. ग्रेट्झ्की समोरच्यांच्या गोलजाळीच्या मागे जाऊन उभा राहायचा आणि तिथून पुढे आलेल्याला चकती द्यायचा, त्या जागेला लोक त्याचं 'ऑफिस'च म्हणायचे. हे लेखात घ्याच.

मूळ प्रश्नकर्ती : वा, भारी! आणि प्लस-मायनस म्हणून एक रकाना आहे तो?

प्रतिसाद १ : तुम्ही बर्फावर असताना तुमच्या संघाने गोल केला तर प्लस, खाल्ला तर मायनस. पण पॉवर प्लेचा, म्हणजे समोरचा एक गडी शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना झालेला गोल धरत नाहीत. ओव्हेच्किनचा तो ८९५वा पॉवर प्लेवरचाच, त्यामुळे एवढा ऐतिहासिक गोल आणि प्लस शून्य. भाषांतर करू नका, अधिक-उणे म्हटलं तर शाळेचं गणित वाटेल.

प्रतिसाद ४ : तक्ता उतरवताना दोन ठिकाणी जपा. १९९५-९६ला ग्रेट्झ्की मोसमाच्या मध्यातच लॉस एंजेलिसच्या संघातून सेंट लुईसच्या संघात गेला, तेव्हा त्या वर्षाच्या दोन ओळी आणि कधी खाली बेरजेची तिसरी असते, तिन्ही मिळवल्या तर आकडा फुगतो. दुसरं, १९७८-७९चे ४६ गोल डब्ल्यूएचए नावाच्या दुसऱ्या लीगमधले, ते ८९४मध्ये नाहीत.

प्रतिसाद २ : पेनल्टी मिनिट्सचा रकाना असेल तर 'शिक्षेची मिनिटं' लिहा. छोट्या चुकीला २, मारामारीला ५. ग्रेट्झ्कीची वीस मोसमांत ५७७, जुना दिग्गज गॉर्डी हाउची १६८५, कोण कसा खेळायचा ते तिथेच कळतं. आणि फॉरवर्डला 'आघाडीपटू' मस्त शब्द आहे, बिनधास्त वापरा.