पेनसिल्व्हेनियात मध्ययुगीन द्वंद्व-मेळाव्याला दोन रात्री मुक्कामी जायचे आहे : सल्ला हवा

रानवाट :
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमचा मुलगा पंधरा वर्षांचा असून सुट्टीत आजोळी कोल्हापूरला गेला की तिथल्या तालमीत लाठी फिरवायला शिकतो. शाळेतल्या एका मित्राकडून त्याला सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनॅक्रॉनिझम या मध्ययुगीन पोशाख, लढती आणि मेजवान्या हौसेने पुन्हा उभ्या करणाऱ्या संस्थेची माहिती मिळाली आणि जूनमध्ये पूर्व पेनसिल्व्हेनियात होणाऱ्या तिच्या एका मेळाव्याला आपण जायचेच, असा हट्ट त्याने धरला आहे. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचून रविवारी दुपारी परतायचे, असा बेत आहे. भारतातून आलेल्या सासूबाईही बरोबर असतील आणि आम्ही सारे शाकाहारी आहोत. मंडळाच्या शिवजयंतीसाठी शिवलेले मावळ्यांचे पोशाख घरात आहेत, ते तिथे चालतील का? मुलाला प्रत्यक्ष लढता येईल का? तंबू कसा असावा? की हे सगळे सोडून याच संस्थेच्या ऑगस्टमधल्या प्रसिद्ध पेन्सिक मेळाव्यालाच एकदम जावे?

गढीवरचा :
रानवाटताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यावर बाकीचे बरेच अवलंबून आहे. पेन्सिक हा १९७२ पासून चालत आलेला, पिट्सबर्गच्या उत्तरेला स्लिपरी रॉकजवळ कूपर्स लेक येथे भरणारा दोन आठवड्यांचा मेळावा आहे. तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे तंबू ठोकून राहतात, जागा आगाऊ नोंदणीनुसार गटागटांना वाटून दिलेली असते, आणि कोणत्याही गटाशी ओळख नसलेले कुटुंब पहिल्या दिवशी नुसते चालूनच दमते. त्यामुळे आधी जूनचा छोटा मेळावाच करा, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे दोन-तीनशे माणसांत तुम्ही नवे आहात हे लगेच कोणाच्या तरी लक्षात येते आणि चौकशी होते.

दुसरी गोष्ट अशी, की लँकेस्टरजवळच्या मॅनहाइमला भरणारा रेनेसाँ फेअर तुम्ही पाहिला असेल, तर ते चित्र मनातून काढून टाका. तिथे तिकीट काढून प्रयोग पाहायचा असतो. येथे प्रेक्षक म्हणून कोणी नसते. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कलीत एका घराच्या परसात मध्ययुगाच्या अभ्यासकांनी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी हौसेखातर तलवारबाजीची मेजवानी केली, त्यातून ही संस्था उभी राहिली, आणि संस्थेची स्वतःची कालगणना आजही त्याच दिवसापासून मोजली जाते. आज तिची वीस ‘राज्ये’ आहेत. न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनिया ही ईस्ट किंगडममध्ये येतात. राजा कोण होणार हे वर्षातून दोनदा द्वंद्वयुद्धांच्या स्पर्धेतून ठरते आणि स्पर्धक आपल्या जोडीदाराच्या नावाने लढतो. जिंकला तर दोघे राजा-राणी होतात आणि सहा महिन्यांनी गादी पुढच्यांना देतात. या सगळ्याकडे गंमत म्हणून पाहिले तरी चालते, पण राजा-राणी समोरून जात असताना तुम्हीही मान लववावी, एवढी अपेक्षा असते.

प्रवेशाची अट एकच आहे : सतराव्या शतकापूर्वीच्या पोशाखाचा निदान प्रयत्न तरी केलेला असावा. काहीच नसेल तर नवागतांसाठी उसने कपडे ठेवलेले असतात. त्या व्यवस्थेला ‘गोल्ड की’ म्हणतात, आणि आयोजकांना आठवडाभर आधी मापे कळवली तर चौघांचीही सोय होते. पहिल्याच खेपेला चिलखत, तंबू, पोशाख असे काहीही विकत घेऊ नये. मुलाला हौस टिकते की नाही हे आधी कळू द्या. उत्तर आणि मध्य न्यू जर्सीत सेटमूर स्वॉम्प नावाची बॅरनी, म्हणजे संस्थेची स्थानिक शाखा आहे, तिच्या सरावाला जूनपूर्वी एखाद्या संध्याकाळी जाऊन आलात, तर मेळाव्यात चार चेहरे ओळखीचे भेटतील.

काठीवाला :
मुलाविषयी मी लिहितो, कारण मीही लाठीवरूनच या मैदानात आलो. मोठ्यांच्या चिलखती लढतीत सोळाव्या वर्षापासून, पालकांच्या लेखी संमतीने आणि पंचांसमोर पात्रता सिद्ध केल्यावरच उतरता येते. तोवर मुलांसाठी वयोगटांनुसार वेगळी लढत असते आणि तिची शस्त्रे फोमची असतात. पंधरा वर्षांच्या मुलाला त्याचा राग येण्याची शक्यता आहे, म्हणून त्याला तिरंदाजी आणि कुऱ्हाडफेकीच्या मैदानावर न्या. तिथे देखरेखीखाली उसनी साधने मिळतात आणि नवख्यालाही तासाभरात निशाण लागल्याचे समाधान मिळते.

मोठ्यांची लढत त्याने दोरीला खेटून नीट पाहावी. शस्त्र वेताचे असते, सव्वा इंच किंवा त्याहून जाड, वर डक्ट टेप गुंडाळलेले, पण त्यामागे पूर्ण ताकद असते. शिरस्त्राणावर वार बसला की आवाज काळजात धडकतो. आपल्या तालमीतल्या मुलाला सर्वांत नवल वाटेल ते पुढे घडते. पंच काहीच बोलत नाहीत. वार पुरेसा जोरात लागला की नाही हे ज्याला लागला तोच सांगतो. मांडीवर बसला असेल तर तो गुडघ्यांवर येऊन लढतो, हातावर बसला तर तो हात पाठीमागे घेतो, आणि वार डोक्यावर वा छातीवर असेल तर स्वतःहून जमिनीवर पडून हार मानतो. खोटेपणा करणाऱ्याची बातमी संध्याकाळच्या आत सगळ्या छावणीत पसरलेली असते, आणि माझ्या मते तीच खरी शिक्षा आहे. कोणीही ‘होल्ड’ अशी आरोळी दिली की असाल तिथे थिजायचे, मग तुम्ही लढत असा वा नसा.

लाठीची सवय उपयोगी पडते, पण एका बाबतीत आड येते. गुडघा आणि त्याखाली, तसेच मनगटापासून पुढे वार करायचा नसतो, आणि आपल्याकडे नडगी व मनगट हीच हमखास लक्ष्ये आहेत. सरावाला जायच्या आधी हे त्याच्या मनावर बिंबवा. घरची लाठी किंवा पट्टा मैदानावर फिरवायला नेऊ नये. पंचांच्या परवानगीवाचून कोणतेही शस्त्र चालवता येत नाही, आणि पोशाखाचा भाग म्हणून कट्यार वगैरे लावलीच तर ती म्यानात पक्की बांधलेली असावी.

मीठभाकर :
शाकाहाराची चिंता करू नका. शनिवारच्या रात्रीच्या मेजवानीचे पैसे बहुधा वेगळे असतात, जागा मोजक्या असतात आणि त्या लवकर भरतात. नोंदणी करतानाच मुख्य स्वयंपाक्याला शाकाहाराविषयी कळवले की तो बहुधा आनंदाने सोय करतो. मात्र ताट, वाटी, पेला आणि चमचे आपापले न्यायचे असतात. घरातली पितळी ताटे आणि तांबे तिथे इतके शोभून दिसतात, की शेजारचे उचलून पाहायला मागतात.

आपल्या चुलीवर जे शिजवाल त्यात थोडी गंमत करता येईल. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणे हे सारे अमेरिका खंडातून आलेले, पोर्तुगीज येईपर्यंत आपल्याकडे नव्हतेच. साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावाही तिकडचाच. म्हणजे उपवासाची खिचडी पूर्णपणे बाद, त्यात उरते ते तूप आणि जिरे. याउलट मिरे, आले आणि हिंग घालून केलेले पिठले, ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, ताक हे सारे निर्धास्त चालते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात वडे, इडलीचा पूर्वज आणि मांडे यांची वर्णने आहेत. मांडे करून दाखवलेत तर तिथल्या पाककलेच्या अभ्यासकांचा तुमच्याभोवती गराडा पडेल. मुक्ताईसारखी भाजण्याची सोय नसली, तरी पालथी घातलेली लोखंडी कढई निखाऱ्यांवर उत्तम काम देते. अर्थात तुमच्या बर्फाच्या पेटीत कोणी डोकावत नाही. दमून आल्यावर पोहे केलेत आणि त्यात मिरची टाकलीत, तरी कोणाची हरकत नसते.

झाडाखाली :
वरील सर्वांशी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. सासूबाई बरोबर असतील तर दोन रात्रींचा मुक्काम पहिल्याच वेळी करू नये, शनिवारी सकाळी जाऊन मेजवानीनंतर परतावे. अशा बऱ्याच ठिकाणी फिरती शौचालयेच असतात, ती रात्री तंबूपासून लांब वाटतात, आणि जूनमध्येसुद्धा पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात पहाटे चांगलीच थंडी पडते. मेळावा स्काऊटांच्या छावणीत असेल तर तिथे लाकडी खोल्या असतात का ते विचारा. एखादी खाट मिळाली तर माझी हरकत मागे घेतो.

गोचिडींकडे दुर्लक्ष करू नये. या भागात लाइम रोगाचा प्रादुर्भाव मोठा आहे. उंच गवतात जाताना पायमोजे वर ओढावेत आणि झोपण्यापूर्वी गुडघ्यांची मागची बाजू, काखा आणि केसांची मुळे एकमेकांनी तपासावीत. सरपण घरून नेऊ नये, मेळाव्याच्या गावातच विकत घ्यावे. लाकडाबरोबर किडीची अंडी प्रवास करतात, आणि स्पॉटेड लँटर्नफ्लाय ही २०१४ मध्ये बर्क्स काउंटीत प्रथम सापडलेली कीड किती पसरली हे न्यू जर्सीकरांना सांगायला नको.

गढीवरचा :
मुक्कामाविषयी मला उलट वाटते. शनिवारी रात्री शेकोटीभोवती गाणी, ढोल आणि गोष्टी सुरू होतात तेव्हाच या लोकांची खरी ओळख पटते, ती चुकवून परत निघणे म्हणजे लग्नाला जाऊन जेवणापूर्वी उठण्यासारखे आहे. सासूबाईंसाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणि जाड सतरंजी न्यावी. खुर्चीवर जुनी साडी पसरली की तिचे नायलॉन दिसत नाही. तंबू साधा, दुकानातला चालतो, फक्त त्याला कापडी तंबूंपासून वेगळी जागा दिली जाऊ शकते. सामान उतरवले की गाडी वाहनतळावर नेऊन ठेवावी लागते, तेव्हा चाकांची ढकलगाडी असली तर हायसे वाटते. चुलीजवळ वावरताना मात्र सुतीच कपडे असू द्यावेत, कृत्रिम धाग्याचे कापड ठिणगीने वितळून अंगाला चिकटते.

रानवाट :
सर्वांचे मनापासून आभार. मावळ्यांच्या पोशाखाबद्दल मात्र कोणी लिहिले नाही. मुलगा त्यावरच अडून बसला आहे.

काठीवाला :
तिथे खरी अडचण सनावळीची आहे. संस्थेचा काळ १६०० च्या आसपास संपतो आणि शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, त्यामुळे मावळा म्हणून ओळख सांगता येणार नाही. पण हीच बंडी आणि मुंडासे घालून अहमदनगरच्या निजामशाहीतला मराठा शिलेदार म्हणून तो उभा राहू शकतो. ती सत्ता १४९० पासूनची, आणि तिच्या फौजेत मराठे होतेच. चांदबिबीने १५९५ मध्ये मोगलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढवला, तेव्हा तटावर आपण होतो असे त्याला सांगता येईल, आणि विचारणारे खूप भेटतील, कारण दख्खनचे कोणी तिथे क्वचितच दिसते. कमरेचा शेला तेवढा पांढरा नको. साधा पांढरा पट्टा आणि अलंकारविरहित सोन्याची साखळी ही तिथे ‘नाइट’ हा योद्ध्यांचा किताब मिळालेल्यांची खूण मानली जाते. मंगळसूत्राला काही अडचण नाही. तुम्ही आणि सासूबाई सुती नऊवारी नेसलात तर वेगळा पोशाख हवाच कशाला?

मीठभाकर :
शेला हळदीत रंगवून टाका, तासाभराचे काम आहे. आणि मेजवानीची नोंदणी आजच करा.