निवाऱ्यातून बाहेर पडलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे कसे मोजावे?

मेघना (प्रश्न)
नमस्कार. मी सहा वर्षांपासून एका शहरातील बेघर निवाऱ्यात समुपदेशक म्हणून काम करते. मासिक अहवालात आम्ही मुक्कामाला असलेल्यांची संख्या, काढून दिलेली आधार कार्डे आणि झालेल्या आरोग्य तपासण्या भरतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या शहरी बेघर निवारा योजनेत माणशी किमान ५० चौरस फूट जागा सांगितली होती. तीही मोजता येते. परंतु गेल्या वर्षी नोंदवहीत ‘स्वगृही रवाना’ असा शेरा मारलेले एक काका दोन महिन्यांनी मला त्याच उड्डाणपुलाखाली, आम्हीच दिलेली चादर पांघरून झोपलेले दिसले. कागदोपत्री ते आजही आमचे यश आहेत. हाताशी दोनच कार्यकर्ते असताना खरे मूल्यमापन कसे करावे?

अनिरुद्ध
मुक्कामाची संख्या निवाऱ्याविषयी सांगते, माणसाविषयी नाही. मोजणीचे एकक बदलावे लागेल. कॅनडात २००९ ते २०१३ या काळात व्हँकुव्हर, विनिपेग, टोरांटो, माँट्रियल आणि माँक्टन या पाच शहरांत मानसिक आजार असलेल्या दोन हजारांहून अधिक बेघरांवर ‘ॲट होम’ हा अभ्यास झाला. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले. एका गटाला, व्यसन सोडण्याची किंवा उपचार घेण्याची अट न घालता, आधी घर आणि सोबत आधारसेवा दिली. दुसऱ्या गटाला शहरात उपलब्ध असलेल्या नेहमीच्या सेवा होत्या. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातील ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात राहिले, तर दुसऱ्या गटातील ३१ टक्के. तुलनेचा गट नसता तर हे ३१ टक्केसुद्धा योजनेच्याच खात्यावर जमा झाले असते.

मेघना
म्हणजे चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना घर नाकारायचे? हे मनाला पटत नाही.

अनिरुद्ध
घरे सर्वांना पुरणार असतील तर चिठ्ठी टाकणे अन्यायाचेच ठरेल. मात्र दहा खोल्या आणि पात्र माणसे चाळीस असतील, तर शिफारशीने खोली देण्यापेक्षा चिठ्ठी अधिक न्याय्य आहे, असे माझे मत आहे. दोन कार्यकर्त्यांच्या बळावर तुम्ही हा प्रयोग करू नये. त्याच माणसांची आधीची आणि नंतरची स्थिती नीट नोंदवली तरी पुष्कळ कळेल.

शकुंतलाताई
मी वस्तीपातळीवर बरीच वर्षे मुलाखती घेतल्या आहेत, म्हणून पद्धतीविषयी सांगते. ‘गेल्या सहा महिन्यांत किती दिवस घरात होतात?’ असे विचारले, तर माणूस अंदाजे आकडा सांगून मोकळा होतो. त्याऐवजी कागदावर सहा महिन्यांचे रकाने आखा आणि सणांच्या खुणा घाला. ‘गणपतीत कुठे मुक्काम होता? नवरात्रात तिथेच होतात का? दिवाळीला पाऊस लागला, तेव्हा अंथरूण कुठे हलवले?’ असे एकेका सणावरून विचारत नेले, की अक्षरओळख नसलेल्या आजीसुद्धा ‘घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पोलिसांनी उठवले, मग आठ दिवस फलाटावर’ इतके नेमके सांगतात. फलाट, फूटपाथ, नातेवाइकाचे घर, रुग्णालय, कोठडी, भाड्याची खोली या प्रत्येकाला वेगळी खूण द्या. नातेवाइकाकडे चार रात्री टेकणे आणि स्वतःच्या खोलीत राहणे एकाच रकान्यात घालू नका. निवारा सोडतानाच पुढे भेटण्याची लेखी संमती घ्या आणि चहावाला, देवळाचा पुजारी किंवा भंगारवाला असा त्यांनी स्वतः सुचवलेला निरोपाचा माणूस नोंदवा. मोबाइल क्रमांकावर विसंबू नका, कारण फोन चोरीला जातो किंवा विकला जातो. आणि जो सापडला नाही त्याला ‘सापडला नाही’ असेच लिहा, ‘पुनर्वसित’ नव्हे.

फ्रान्सिस
शकुंतलाताईंच्या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. २०११ च्या जनगणनेत बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली आणि देशात सुमारे १७.७ लाख माणसे नोंदली गेली. त्या रात्री जो हमाल ट्रकवर होता किंवा जी बाई भीतीपोटी आडोशाला झोपली होती, ती माणसे गणतीत येणे अवघडच होते. शिवाय माणसाला आपले आयुष्य कसे वाटते, हेही विचारा. चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेच्या ‘होम अगेन’ उपक्रमात मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे राहिलेल्या स्त्रिया साध्या वस्तीतील भाड्याच्या घरात चार-पाच जणी मिळून राहतात. अशा घराचे मूल्यमापन करताना, आज भाजी कोणती करायची हे कोणी ठरवले, हा प्रश्नही मी यादीत ठेवीन.

मेघना
सर्वांचे मनापासून आभार. येत्या सोमवारी सणांचा तक्ता घेऊन मी आधी त्या काकांकडेच जाणार आहे आणि त्यांची हरकत नसेल, तर नोंदवहीतील त्यांचा शेरा त्यांच्यासमोरच दुरुस्त करणार आहे.